नुसता उजेड

दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. सगळा बाजार त्यांना झाकणराव म्हणायचा. तोंडावर नव्हे, पण ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

हे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने कमावलं होतं. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होत होत्या. पायऱ्यांवर सगळी शाळा रचून उभी केली होती, उंच मुली मागे, बुटक्या पुढे, मधोमध बाई. झाकणरावांच्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. खिडकीतून सगळं जग लख्ख दिसायचं; भिंगावर झाकण राहिलं असलं तरी काढणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. त्यांनी पोरींना हसवलं, माना वर करायला लावल्या, एक फोटो काढला, दुसरा काढला, "आता शेवटचा" म्हणून तिसरा काढला. तेव्हा पहिल्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "काका, तुमच्या कॅमेऱ्याने डोळे मिटलेत." सगळी शाळा खो खो हसली. मोठ्या बाईही निरोपाचं रडू बाजूला ठेवून हसल्या. मग झाकण काढून जो फोटो निघाला, त्यात सगळ्या इतक्या मनापासून हसताहेत की तसा फोटो त्यांना पुन्हा कधी जमला नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

बरं, चूक एकच केली असती तर माणसं विसरली असती. पण या बाबतीत झाकणराव भलतेच उदार. एकदा एका दुकानाच्या उद्घाटनाला फिल्मचं टोक आतल्या खाचेत अडकलंच नाही. हे आपले खटाखट काढताहेत, आकडा पुढे सरकतोय, छत्तिसाचा रोल चाळिशी ओलांडून गेला तरी संपेना, तर यांना वाटलं, कंपनीने चुकून जास्त भरली असेल, आपलं नशीब उघडलं. घरी येऊन बघतात तर फिल्म डबीत जशीच्या तशी, ढाराढूर झोपलेली. दुसऱ्या वेळी तर कहर झाला. एका घरी मयताचे फोटो काढून आणलेला रोल त्यांनी कोरा समजून पुन्हा कॅमेऱ्यात भरला आणि दुसऱ्या घरच्या तान्ह्या बाळावर वापरला. धुऊन आला तेव्हा गुटगुटीत बाळ मेलेल्या आजोबांच्या छातीवर निजलेलं. दोन्ही घरांनी आळीपाळीने त्यांचा पाणउतारा केला. बाळाची आत्या तर दुकानात येऊन अशी काही बोलली की खालचा छत्री दुरुस्त करणारा काम सोडून जिन्यात येऊन उभा राहिला.

अशा वेळी ते लॅबवाल्यावर ढकलून द्यायचा प्रयत्न करत. पण थापही धड मारता यायची नाही. तोंड उघडण्याआधी कान लाल व्हायचे.

"तुम्ही आपले खरंच सांगत जा," बायको म्हणायची. "खोटं बोलायला अक्कल लागते."

ती दुकानाच्या मागच्या भागात, पडद्याआड बसायची. फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके उमटले की बारीक कुंचल्याने ते रंगवून बुजवायचं काम तिच्याकडे. तासन् तास मान खाली. तिची मानदुखी आणि त्यांची फजिती, दोन्ही गोष्टी आता जुन्या झाल्या होत्या आणि त्यावर उपाय नव्हता.

एका कामात मात्र झाकणरावांचा हात कधी चुकला नाही, आणि ते काम म्हणजे फोटो न काढणं.

मोठ्या लग्नात पाहुणे उदंड आणि फिल्म महाग. जो तो म्हणणार, आमचाही एक होऊन जाऊ दे. नाही म्हणावं तर माणूस दुखावतो, काढावा तर यजमान भडकतो. धंद्याने यावर फार पूर्वी तोड काढून ठेवली होती. फ्लॅशच्या पाठीला एक छोटं बटण असतं, फ्लॅश चालतो की नाही ते तपासायचं. कॅमेरा डोळ्याला लावायचा, "इकडे बघा" म्हणायचं आणि तेवढं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो. समोरचा खूश होऊन जेवायला जातो आणि आतल्या फिल्मला काही खबर नसते. याला त्यांच्यात नुसता उजेड म्हणत. कुणाचा खरा काढायचा आणि कुणावर नुसता उजेड मारायचा हे यजमान ठरवणार, म्हणून आधी खूण ठरवून घ्यावी लागे. झाकणरावांची खूण साधी होती. यजमान ज्याच्या खांद्यावर हात ठेवील, त्याच्यावर नुसता उजेड. बघणाऱ्याला वाटावं, केवढा हा जिव्हाळा.

यात आपण कुणाला फसवतो असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. वाटलं असतं तरी तो विचार त्यांनी धंद्याच्या नावावर खपवला असता. सगळेच करायचे.

ती बाई आली ती दुपारी, दुकानात शुकशुकाट असताना. जिना उभा होता, त्यामुळे वर आलेला प्रत्येक माणूस आधी दम खायचा आणि मग बोलायचा. चाळिशीची असेल. हातात कापडी पिशवी, ती तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"फोटोवाले भाऊ तुम्हीच ना? लाकडाच्या वखारीच्या मालकांच्या मुलीचं लग्न तुम्हीच काढलं होतं?"

"मीच," झाकणराव सावध होऊन म्हणाले. असा प्रश्न आला की पुढे बहुधा शिव्या असायच्या.

"आमचे हे वखारीत करवतीवर होते," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात गेले. जेवून उठले, छातीत कसंतरी होतंय म्हणून भिंतीला टेकून बसले, ते बसलेच."

झाकणरावांनी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"त्यांचा फोटो हवा होता. घरात एकही नाही बघा. आमच्या लग्नातला एक होता, भिंतीला ओल आली आणि तो काचेला चिकटला. मी सोडवायला गेले तर तोंडच काचेवर राहिलं." तिने पिशवी पोटाशी आणखी आवळली. "सासूबाई खाली छत्रीवाल्याच्या बाकावर बसल्यात. त्यांना जिना चढवत नाही. एक डोळा गेलाय, दुसऱ्याने अंधुक तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणतात, तोही फार दिवस नाही. म्हणतात, तो जायच्या आत पोराचं तोंड एकदा बघू दे. दुसरं काही मागत नाहीत हो. नुसत्या बसून असतात. शेवटी मी म्हटलं, आई, रडू नका, फोटो आहे. मालकांच्या घरच्या लग्नात काढलाय."

झाकणरावांचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! म्हातारीला दिसेल असा मोठा करून देऊ, पाहिजे तर काही घ्यायचंही नाही. ते उत्साहाने उठले, निगेटिव्हचे पत्र्याचे डबे ठेवलेल्या कपाटाकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "कुठे उभे होते, कुणाबरोबर, एवढं सांगा म्हणजे लगेच सापडेल."

"एकटेच होते," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजाला थोडी ऊब आली. "घरी आल्यावर किती वेळा सांगितलं त्यांनी. मालक एवढ्या पाहुण्यांतून उठून आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुम्हाला म्हणाले, आमच्या या माणसाचाही एक काढा."

झाकणराव कपाटाचं दार धरून तसेच उभे राहिले. सांगायचं असेल तर तीच वेळ होती. बाई, तो फोटो नाहीच, उजेड खरा होता आणि बाकी काही खरं नव्हतं. पण हे शब्द कुठल्या तोंडाने बोलायचे?

"जुना आहे," ते म्हणाले. "शोधावा लागेल. चार-आठ दिवसांनी या."

तिच्या पावलांचा आवाज जिन्यात विरला तसा पडदा सरकला. बायकोने सगळं ऐकलं होतं.

"तिथल्या तिथे सांगून टाकायचं होतं."

"काय सांगू? तुझ्या नवऱ्याची किंमत एका फोटोची नव्हती, असं?"

"मग आठ दिवसांनी काय सांगणार आहात?"

त्यांनी डबा काढला, खाली दिवा असलेली दुधी काचेची पेटी लावली आणि लग्नाच्या पट्ट्या एकेक करून काचेवर पसरायला सुरुवात केली. एक आशा होती. नुसता उजेड मारताना डावा अंगठा बटणावर असतो आणि उजवं बोट सवयीने खटक्यावर टेकलेलं असतं. शिकाऊ असताना कधी कधी ते बोटही दाबलं जायचं, खराच फोटो निघायचा, आणि त्यांचे तेव्हाचे मालक फिल्म वाया घालवली म्हणून सगळ्यांसमोर वाभाडे काढायचे. त्या दिवशीही तसं झालं असेल तर? एवढ्या चुका केल्या, त्यात ही एक? जन्मभर स्वतःच्या चुकांना तोंड लपवत फिरलेला हा माणूस आता डोळ्यांत तेल घालून आपलीच एक चूक शोधत बसला.

रोज दुपारी ते त्या काचेवर वाकलेले असत. निगेटिव्हमधली माणसं उलट्या रंगांची, काळ्या दातांची आणि पांढऱ्या केसांची. नवरी, नवरीचे मामा, मामांची माणसं, केक, फुलं, पुन्हा मामा. ज्यांचे अल्बमवर अल्बम घरी पडले असतील त्यांचे आणखी फोटो. एकटा उभा असलेला माणूस कुठेच नव्हता. हात चुकला नव्हता. त्या दिवशी झाकणरावांनी आपलं काम चोख केलं होतं.

मग एका पट्टीवर ते थबकले. पुढे मामांचं कुटुंब ओळीने उभं, आणि त्यांच्या मागे, चौकटीच्या अगदी कडेला, एक कोपर. त्यांनी भिंग लावून पाहिलं, मग तेवढाच तुकडा मोठा करून छापला. पांढऱ्या सदऱ्याची बाही, वर उचललेला दंड आणि मुठीत कंगवा. कुणीतरी भांग पाडत होतं. मामांच्या कुटुंबानंतर आपली पाळी आहे हे कळल्यामुळे घाईने तयार होत होतं. त्याच दंडाआड चेहरा पूर्ण झाकून गेला होता. मामांचं आटोपलं, तो माणूस पुढे आला, मालकांनी खांद्यावर हात ठेवला, आणि पुढच्या चौकटीत झाकणरावांनी केक काढला होता.

बायकोने तो फोटो हातात घेतला. त्यावर धुळीचे दोन ठिपके होते. ती कुंचला न उचलता बराच वेळ नुसती बघत राहिली.

"देऊन टाका," ती म्हणाली. "आणि खरंही सांगा. शिव्या देईल. तुम्हाला शिव्यांची सवय आहे."

ते खरं होतं. शिव्यांना ते घाबरत नव्हते. तिच्या नवऱ्याने घरी जाऊन कौतुकाने सांगितलेली ती गोष्ट मोडायची त्यांना भीती वाटत होती. निदान त्यांनी स्वतःची समजूत अशी घातली. त्यात खरं किती आणि स्वतःची अब्रू वाचवण्याची धडपड किती, हे त्यांनी फारसं उकरलं नाही.

ठरल्याप्रमाणे ती आली. झाकणरावांनी पाकीट पुढे केलं. तिने फोटो बाहेर काढला, उजेडाकडे नेला, आणि क्षणात तिचा हात तोंडावर गेला.

"हा त्यांचाच हात. घड्याळ बघा, पट्टा तुटला म्हणून दोरी बांधली होती मी." ती हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "भांग पाडताहेत. कंगवा माझ्याकडून मागून नेला होता." तिने फोटोवरून दोनदा बोट फिरवलं, आणि मग मान वर करून अगदी सहज विचारलं, "आणि पुढचा?"

"पुढचा..." झाकणराव म्हणाले.

"हा तयारीचा झाला ना? ह्याच्या पुढचा. ज्यात ते उभे आहेत तो."

पडद्याची कड जरा हलली. बायको ऐकत होती.

"पुढच्याला झाकण राहिलं," झाकणराव म्हणाले. "मामांचा काढून झाल्यावर मी भिंगावर झाकण लावलं होतं. तुमच्या यांच्या वेळी काढायचं विसरलो. चूक झाली, बाई. फिल्म कोरी गेली."

कान तापलेले त्यांना जाणवत होते. पण या खेपेला लाल कानांनी त्यांची थाप पकडून दिली नाही, उलट सावरून घेतली. एवढा लाजलेला माणूस खरंच बोलत असणार, असं कुणालाही वाटलं असतं. शिवाय नाव होतंच.

"म्हणजे बाजारात तुम्हाला जे म्हणतात, ते खरं तर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने डोळे पुसले आणि वर त्यांचीच समजूत घातली. "जाऊ द्या, भाऊ. मुद्दाम थोडंच केलंत? मनाला लावून घेऊ नका."

खऱ्या चुकांबद्दल जन्मभर शिव्या खाल्लेल्या झाकणरावांना पहिल्यांदा क्षमा मिळाली, ती न झालेल्या चुकीबद्दल. त्यांना वाटलं, हिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ती कोरी फिल्म आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"कोरीच आहे हो. त्यात काही दिसत नाही."

"असू दे. त्यांच्या समोर धरलेली तर होती ना." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आणि आईंना तसंही नीट दिसत नाही. मी सांगेन, इथे आहेत म्हणून. त्यांना तेवढं पुरेल."

झाकणराव पडद्याआड गेले. त्याच रोलच्या शेवटी एक तुकडा उरला होता, ज्यावर काहीच घेतलेलं नव्हतं. धुतलेली कोरी फिल्म, तांबूस काचेसारखी. त्यांनी कात्री घेतली. बायकोने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा कात्रीकडे पाहिलं, आणि हातातला कुंचला पाण्याच्या वाटीत टाकला. तुकडा कापून त्यांनी पातळ कागदात गुंडाळला आणि बाहेर नेऊन दिला. तिने तो फोटोच्या पाकिटात जपून ठेवला आणि ती गेली.

दुकानात त्यांना क्षणभरही बसवेना. ते उठले. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच ते जिना उतरू लागले, आणि शेवटच्या काही पायऱ्या राहिल्या असताना थांबले. छत्रीवाल्याच्या बाकावर म्हातारी बसली होती. सून तिच्यापुढे उकिडवी बसून ती पट्टी उन्हात धरत होती.

"इथे बघा, आई. अगदी मधोमध."

म्हातारीने पट्टी स्वतःच्या हातात घेतली आणि उरलेल्या डोळ्याला अगदी चिकटवली. तोंड सूर्याकडे केलं. तिच्या गालावर तांबूस उजेड पडला.

"दिसले?"

"दिसला की," म्हातारी हळूच म्हणाली. "उन्हात उभा आहे. किती वाळला गं."

सुनेने ओठ आवळले आणि मान फिरवली, तेव्हा तिला जिन्यावर झाकणराव दिसले. "आई, हेच ते फोटोवाले," ती घाईघाईने म्हणाली. डोळ्यांनी ती त्यांना विनवत होती, आता काही बोलू नका म्हणून.

म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तू काढलास होय? ये रे बाबा, बस." झाकणराव बसले नाहीत. "मला उभा आहे एवढंच कळतंय बघ. तोंड काही नीट कळत नाही. तू तर समोरून बघितलंस ना त्याला? तू सांग, कसा दिसत होता?"

झाकणरावांनी आठवायचा प्रयत्न केला. मामा आठवले, केक आठवला, केकवरची फुलंसुद्धा आठवली. त्या दोहोंच्या मधल्या माणसाचं काहीच आठवलं नाही. उजेड मारताना त्यांची नजर पुढच्या कामाकडे गेलेली असणार. ते तिथून निघून गेले असते तर निभावलं असतं. पण सून मान पुढे काढून त्यांच्याकडे बघत होती. तिलाही ऐकायचं होतं. सासूपेक्षा जास्तच.

"छान दिसत होते, आजी," ते म्हणाले. फोटोला उभा राहिलेला माणूस जे करतो तेच ते सांगू लागले. "भांग नीट पाडला होता. पांढरा सदरा. ताठ उभे होते. आणि हसत होते. असे दात दाखवून, अगदी मनापासून हसत होते."

सुनेचा चेहरा बघता बघता उतरला.

म्हातारीने पट्टी डोळ्यावरून खाली घेतली, मांडीवर ठेवली आणि हाताने चाचपून सरळ केली.

"त्याचे पुढचे दात फळी लागून पडले होते रे बाबा," ती म्हणाली. "वखारीत नवा लागला तेव्हा. तेव्हापासून तोंड मिटूनच हसायचा."

छत्रीवाल्याने हातोडी थांबवली. सून उठून उभी राहिली. तिला आता सगळं कळलं होतं, खांद्यावरच्या हातासकट की नाही ते तीच जाणे, पण फोटो काढणाऱ्याने तिच्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं एवढं तिला पक्कं कळलं होतं. तिने सासूच्या मांडीवरची पट्टी उचलली आणि झाकणरावांच्या हातात ठेवली.

"चला, आई."

कंगव्याच्या हाताचा फोटो तेवढा तिने पिशवीत नीट ठेवला होता. सासूचा हात धरून ती रस्त्याच्या कडेकडेने चालू लागली, आणि चालता चालता ती सासूला तो फोटो समजावून सांगत होती, कोपर कुठे, घड्याळ कुठे, दोरी कुठे.